जखम नसलेल्या जागी

श्री. दामोदर राऊत यांची आणि माझी ओळख एका केळ्यामुळे झाली आणि त्या पहिल्याच परीक्षेत मी नापास झाले. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नर्सिंगचे शिक्षण संपवून मी विरारच्या आमच्या रुग्णालयात नुकतीच रुजू झाले होते. अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश आणि मनात धाकधूक. सकाळी आठच्या सुमारास एक किडकिडीत गृहस्थ वॉर्डात आले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले, पिशवीतून एक पिवळे होत आलेले केळे काढले आणि माझ्या हातात ठेवले. "हे दिवसभर खिशात ठेवायचं. उद्या सकाळी मला परत द्यायचं," एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

हे इथले ड्रेसर, सगळे त्यांना काका म्हणतात, असे शेजारच्या सिस्टरनी सांगितले. जखमा धुऊन पट्ट्या बांधतो तो ड्रेसर, हे मला माहीत होते. ड्रेसर केळी का वाटतो, हे माहीत नव्हते. सकाळच्या गडबडीत माझा डबा घरीच राहिला होता. अकरा वाजता पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा मी ते केळे सरळ खाऊन टाकले. दुसऱ्या दिवशी काकांपुढे रिकाम्या हातांनी उभी राहिले. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मान खाली घातली होती. काका म्हणाले, "खाल्लंस? बरं केलंस. निदान चेपलं तरी नाहीस." आणि पिशवीतून दुसरे केळे काढले.

ते दुसरे केळे मी दिवसभर जपले. वाकताना खिशावर हात धरला, खुर्चीवर बसताना ते बाजूला केले. तिसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे काकांना दिले तेव्हा मला फार अभिमान वाटत होता. सालीवर काही खूण नव्हती. काकांनी साल सोलली. आत, मधोमध, अंगठ्याएवढा तपकिरी, ओलसर डाग होता.

"हा कधी पडला?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, काका. वरून तर काही दिसत नव्हतं."

"पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीचं असंच असतं. वर दिसतं त्याच्या आधी दोन दिवस आत होऊन गेलेलं असतं. रोगी बोलत नाही, आणि आपण वरून बघून ठीक आहे म्हणतो."

आजही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सच्या हातात पहिल्या दिवशी केळे पडते. हल्ली काही मुली आधीच ऐकून येतात आणि केळे रुमालात गुंडाळून आणतात. काका त्यांच्यावर खूश असतात. "हिला कळलं," एवढेच म्हणतात.

काकांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला पत्र पाठवून 'काकांच्या उल्लेखनीय कार्यातील ठळक प्रसंग' मागवले आहेत. पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. काकांच्या कामात ठळक असे काही घडत नाही, आणि तेच त्यांचे काम आहे. सर्जनना आपण जोडलेले हाड फोटोत दाखवता येते. काकांनी ज्यांच्या पाठी राखल्या ती माणसे घरी गेली, आणि आपल्या पाठीवर काय वेळ येणार होती, याचा त्यांना आजही पत्ता नाही. आमच्या वडिलांना बेडसोर झाला नाही हो, असे सांगत पेढे घेऊन आलेला एकही नातेवाईक मी पाहिलेला नाही. त्यामुळे न घडलेल्या गोष्टींचा गौरव कसा करावा, या पेचात पडून मी हा लेख लिहिते आहे. समितीने सांभाळून घ्यावे.

काका मूळचे आगाशीचे. घरची केळीची वाडी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करण्यात लहानपणापासून घरातल्या सगळ्यांचे हात गुंतलेले. थोरल्या भावाने वाडी सांभाळली आणि काका रुग्णालयात कामाला लागले. त्यांच्या हाताचे कसब पाहून तेव्हाच्या एका सर्जननी त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत घेतले, आणि पुढची तीसपस्तीस वर्षे काकांनी लोकांच्या जखमा धुतल्या. अपघाताच्या, भाजल्याच्या, मधुमेहाच्या पायाच्या. पण त्यांच्या जिवाला लागत ती खाटेवर पडून राहिल्याने होणारी जखम, बेडसोर. वर सुपारीएवढी दिसणारी, आत हाडापर्यंत गेलेली. काका सांगतात, "बाकीच्या जखमा माणूस घेऊन येतो. ही आपण दिलेली असते."

रोग्याला हात लावण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी ते आपले दोन्ही हात रोग्यापुढे धरतात आणि म्हणतात, "नखं बघून घ्या." रोगी शुद्धीत असो, नसो, हे होतेच. मग विचारतात, "पाठ बघू का?" होकार आल्यावरच चादर सरते. बेशुद्ध माणसाच्या वतीने ते स्वतःच "बघा" म्हणतात आणि मग बघतात. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला हसू फुटले होते. आता मीही तसेच करते, आणि माझ्या हाताखालच्या मुली मला हसतात.

काका आपल्या चुका लपवत नाहीत. दर वर्षी नव्या मुलींच्या वर्गात ते सुरुवातच अशी करतात: "मी पंचवीस वर्षं पाठी रगडल्या." पूर्वी सगळीकडे तसेच करत. पाठीवर लाल चट्टा दिसला, की स्पिरिट लावून जोरजोरात चोळायचे, वर पावडर मारायची. काकांच्या चोळण्याची तर ख्याती होती. पुढे एकदा भुलीच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की लाल झालेली जागा आधीच आतून चेपलेली असते, ती चोळली तर आणखी बिघडते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काल आलेल्या डॉक्टरने मला शिकवावे का? काका त्या दिवशी डबा न खाता वाडीवर गेले. संध्याकाळी एक केळे अंगठ्याने चेपले, दुसरे चेपून वर चोळले, आणि सकाळी दोन्ही सोलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे स्पिरिट चोळणे बंद झाले. केळ्याची परीक्षा सुरू झाली तीही तेव्हापासूनच.

याच मॅडमनी पुढे काही वर्षांनी फोमच्या ड्रेसिंगचा एक डबा आणला. पिंपळपानाच्या आकाराची, हाताच्या पंज्याएवढी मऊ पट्टी. आतल्या बाजूने चिकट, पण काढताना कातडीला ओरबाडत नाही. बाहेरच्या देशांत हल्ली ही पट्टी जखम होण्याआधीच लावतात, असे मॅडमनी सांगितले. अतिदक्षता विभागातला, हलता न येणारा, अंगात मांस नसलेला रोगी असेल तर त्याच्या माकडहाडावर आणि टाचांवर, चांगल्या कातडीवरच लावायची. काकांना हे एका झटक्यात पटले. वाडीत घड उतरवताना तो खाली ठेवण्याआधी वाळके पान अंथरतात. घड चेपल्यावर त्याखाली पान घालायला कुणी जात नाही. "मी इतकी वर्षं चेपल्यावर पान घालत होतो," काका म्हणाले.

ड्रेसरने जखम नसलेल्या जागी ड्रेसिंग करणे वॉर्डाच्या मात्र पचनी पडायला वेळ लागला. एकदा नवे डॉक्टर फेरीवर आले. एका आजोबांना कुशीवर वळवले तर कमरेखाली ही मोठी पट्टी.

"काका, जखम कुठंय?"

"नाही, डॉक्टरसाहेब."

"मग ड्रेसिंग कशाचं केलंत?"

"न झालेल्या जखमेचं."

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. आजोबा तीन आठवड्यांनी घरी गेले, तेव्हा त्यांच्या पाठीवर बोटाएवढाही चट्टा नव्हता. डॉक्टरांनी फाइल पाहिली, काकांकडे पाहिले आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पण काकांचा खरा कटाक्ष पुढेच आहे. पट्टी लावली म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यावर ते उखडतात. पट्टी लावली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्याच. आणि दर पाळीला पट्टीचा वरचा कोपरा धरून अलगद उचलायचा, खालची कातडी डोळ्यांनी बघायची, बोटाने दाबायची, मग पट्टी पुन्हा बसवायची. बसवताना तळहात वर ठेवून ऊब द्यायची, म्हणजे ती नीट धरते. तारीख घालायची ती पट्टी लावण्याआधी. लावल्यावर पेनने पाठीवर जोर देत लिहायचे नाही. एरवी काका आमच्याशी छान शुद्ध मराठी बोलतात, पण कोपरा न उचलता कुणी 'ठीक आहे' म्हटले, की आगाशीची बोली तोंडावर येते. "गो बाय, पट्टी ठीक हाय ह्ये मना पन दिसतंय! खाली काय हाय?"

निवृत्तीनंतरही काका रोज सकाळी दोन तास येतात, आणि तिथून चंदनसार, मनवेलपाडा, जिथे कुणी अंथरुणाला खिळले असेल तिथे घरी जातात. चंदनसारच्या एका घरी आजींना पट्टी लावून, चार दिवसांनी बदला, असे ते सांगून आले. काही कारणाने मध्ये जाणे झाले नाही. पुढे गेले तर तीच पट्टी! घरच्यांनी आजींना मोठ्या काळजीने पट्टीच्या आजूबाजूने पुसून काढले होते, कडा सुटल्या तिथे चिकटपट्टी लावली होती. "इतकी छान राहिली आहे, उगाच कशाला बदलायची?" सूनबाई अभिमानाने म्हणाल्या. काका रागावले नाहीत. त्यांनी त्या सूनबाईंच्याच हातावर चिकटपट्टी लावली आणि थोड्या वेळाने ओढून काढली. बाई "आई गं!" म्हणाल्या. "आजी तेही म्हणू शकत नाहीत," काका म्हणाले. आजींची कातडी सुदैवाने शाबूत होती. त्या सूनबाई आता आसपासच्या चार घरांत पट्टी बदलायला जातात.

आता मला माझ्याबद्दल लिहायचे आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही आणि काकांनीही सांगितलेले नाही. गौरवग्रंथात कबुलीजबाब शोभतो की नाही, माहीत नाही. पण काका कोण आहेत, ते याशिवाय मला नीट सांगता येणार नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या गावाकडचे. मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि मनवेलपाड्यात आमच्याकडे राहतात. वय ऐंशीच्या घरात, स्वभाव मानी. कुणी चपला पुढे सरकवलेल्याही त्यांना खपत नाहीत. मागच्या वर्षी इमारतीच्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. आमच्याच रुग्णालयात आणले. ऑपरेशन करून आत सळई घालायची होती, पण छातीत कफ आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, त्यामुळे आठ-नऊ दिवस थांबावे लागणार होते. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितले, "सिस्टर, तेवढे दिवस पाठ राखा. कातडी फुटली तर मी सळई घालणार नाही, जंतू आत जातील. मग त्यांना खाटेवरच ठेवावं लागेल."

अण्णांनी माझा हात धरला. "मला संडासपर्यंत माझ्या पायांनी जाता आलं पाहिजे, पोरी. बाकी काय बी नको. तेवढं बघ."

मी म्हटले, "बघते." दिवसरात्र हेच काम करणारी मी. मला अवघड ते काय?

काका तेव्हा नात्यातल्या लग्नासाठी डहाणूकडे गेले होते. दाखल करतानाच, अण्णा इंजेक्शनच्या गुंगीत असताना, आमच्या ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, माकडहाडावर आणि टाचांवर पट्ट्या लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले आणि गंमत सुरू झाली. सकाळच्या नर्सने, "आजोबा, पाठ बघू," म्हणताच अण्णांनी चादर दोन्ही मुठींत धरली. "माझी सून इथंच सिस्टर आहे. ती बघती." दुपारी मी गेले. त्यांनी टाचा दाखवल्या. पाठीचे नाव काढताच अण्णांनी चादर आणखी घट्ट धरली. "तू? तू सून हायेस. तू कशी बघणार?"

सांगायला हसू येते. परक्यांनी बघायचे नाही कारण सून आहे, आणि सुनेने बघायचे नाही कारण ती सून आहे. मी त्यांना समजावायला हवे होते. शेकडो अनोळखी पुरुषांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. कधी मनात काही आले नाही. पण अण्णांच्या पुढे माझा हात उचलेना. पंधरा वर्षे ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर सावरला, त्यांची चादर ओढायची? मी स्वतःला सांगितले, पट्टी आहे ना, चांगल्या कंपनीची, नीट चिकटलेली. चादरीवरून हात फिरवला, पट्टी जागेवर लागली. मी तक्त्यावर 'त्वचा ठीक' अशी खूण केली आणि खाली सही केली. इतर मुली माझी सही बघत आणि म्हणत, सिस्टर स्वतः बघतात, आपण कशाला त्या म्हाताऱ्यांना त्रास द्यायचा? असे चार दिवस गेले. कूस बदलत होतो, टाचा बघत होतो. माकडहाड कुणीच पाहिले नाही.

दाखल केल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी काका आले. लग्नातल्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला, अण्णांच्या खाटेपाशी गेले आणि तक्ता वाचला. मग मला हाक मारली.

"चारही दिवस तुझीच सही आहे."

"हो, काका."

"पाहिलंस?"

"पट्टी नीट बसलीय, काका. सुटलेली नाही."

"मी पट्टीचं विचारलं नाही."

काकांच्या तोंडून या वेळी आगाशीची बोली निघाली नाही. त्या वेळी मला ते रागावले असते तर बरे वाटले असते. ते वळले, अण्णांच्या पुढे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "नखं बघून घ्या. मी दामोदर. तुमच्याहून थोडा लहान. पाठ बघू का?" अण्णांना काय उमगले कोण जाणे, त्यांनी चादर सोडली.

पट्टीची खालची कड दुमडून गोळा झाली होती. वरून हात फिरवून ते कळणे शक्य नव्हते. कोपरा उचलला तर घामाने कातडी ओलसर आणि त्या दुमडीच्या रेषेवर, हाडाच्या बरोबर वर, लिंबाच्या चकतीएवढा लालभडक चट्टा. अण्णांचे वाक्य कानात होते आणि सर्जनचेही. काकांनी चट्ट्यावर बोट टेकवले, दाबले आणि उचलले. बोटाखालची जागा पांढरी झाली आणि हळूहळू पुन्हा लाल झाली.

"पांढरी होते आहे," काका म्हणाले. "म्हणजे आत रक्त फिरतं आहे. अजून ऐकते आहे. उद्यापर्यंत ऐकली नसती."

त्यांनी जागा कोमट पाण्याने टिपली, कोरडी केली, नवी पट्टी लावली आणि तळहात त्यावर धरून बसले. तसेच बसून त्यांनी अण्णांना सगळे सांगितले. काय होणार होते, कुणी पाहिले नाही, का पाहिले नाही. काहीही आडपडदा न ठेवता. अण्णा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"मला लाज वाटती हो," शेवटी अण्णा म्हणाले. "सुनेपुढं."

"वाटणारच," काका म्हणाले. "लाज तुम्हाला वाटते ना? मग डोळे तुम्ही मिटा. तिचे उघडे राहू द्या."

अण्णांनी लहान मुलासारखे डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "मिटले. बघ गं."

मी कोपरा उचलला आणि पाहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि हातमोजे घातलेले असल्यामुळे पुसताही येत नव्हते. काकांनी आपल्या रुमालाने ते पुसले, जसे ते ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या कपाळावरचा घाम पुसत असत.

नंतर त्यांनी मला टेबलापाशी नेले आणि तक्ता पुढे ठेवला. "एकेका नोंदीवर रेघ मार. शेजारी लिही, पाहिले नाही. सही कर. मग चट्ट्याची आजची नोंद लिही." चार ठिकाणी मी ते लिहिले. माझ्या सगळ्या नोकरीत इतके जड अक्षर मी कधी काढले नसेल. काका तोवर शेजारी उभे होते. मी तक्ता मिटल्यावर त्यांनी लाडवांचा डबा उघडला. "आता खा. आणि इन्चार्जना तू सांग. मी नाही सांगणार." मी सांगितले. जी बोलणी बसायची ती बसली, आणि ती रास्तच होती. त्या दिवसापासून आमच्या विभागात असा नियम झाला, की नात्यातल्या रोग्याच्या तक्त्यावर नातेवाइकाच्या सहीशेजारी दुसऱ्या नर्सचीही सही लागते.

पुढचे चार दिवस वॉर्डात मोठी मौज होती. दर पाळीला नर्स आली, की अण्णा डोळे गच्च मिटायचे आणि कवायतीत हजेरी द्यावी तसे खणखणीत ओरडायचे, "मिटले!" शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा दोन दिवस हे ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ बघायला गेले तर त्यांनीही डोळे मिटून, "मिटले!" म्हटले. चट्टा रोज थोडा फिका होत गेला. आठव्या दिवशी तो शोधावा लागला. नवव्या दिवशी सर्जननी अण्णांची पाठ पाहिली आणि फक्त "उद्या सकाळी," असे म्हणाले. ऑपरेशन झाले. महिन्याभराने अण्णा वॉकर धरून स्वतःच्या पायांनी संडासपर्यंत गेले, आणि आतून कडी लावल्याचा आवाज ऐकून घरात आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत अण्णा रागावले, असे ऐकू आले.

काकांच्या सत्काराला अण्णा येणार आहेत. आता हातात नुसती काठी असते. काकांच्या गळ्यात हार आपणच घालणार, असे त्यांनी समितीला बजावून ठेवले आहे. समितीतल्या कुणी विचारले, तुमच्यासाठी काकांनी नेमके काय केले? अण्णा म्हणाले, "मला काय झालंच नाही, तेच केलं." काकांचा गौरव याहून नेमक्या शब्दांत मला करता आला नसता. म्हटले तर हा लेख तिथेच संपायला हवा.

पण एक तक्रार राहिली आहे. मागच्या महिन्यात काकांचे हर्नियाचे छोटे ऑपरेशन झाले. दोन दिवस आमच्याकडे होते. सकाळी मी त्यांच्या खाटेपाशी गेले, हात पुढे धरले, "नखं बघून घ्या, काका," म्हटले, आणि पाठ बघू का, विचारले. ज्यांनी हजारो पाठी पाहिल्या, त्या माझ्या गुरूंनी चादर दोन्ही मुठींत धरली. "माझं राहू दे गो. मी चालता-फिरता माणूस. माझं मी बघीन." ते खरेच उठून फिरत होते, म्हणून मी हसून परत फिरले. शिवाय गुरू पडले. तक्त्यावर मात्र मी ठळक अक्षरांत लिहिले: 'पाहिले नाही.' काकांनी ते वाचले, आणि माझी पाठ थोपटली.

काका, तुमची पंच्याहत्तरी आम्हा सगळ्यांची आहे. आगाशीच्या वाडीत घड उतरत राहोत, घडाआधी पान अंथरणारे तुमचे हात असेच कामात राहोत. गुडघे कुरकुरले तरी चंदनसारचे जिने तुम्हाला चढवत राहोत. तुमच्या पाठीला अंथरुणाची ओळख फक्त झोपेपुरतीच असो, आणि आणखी पुष्कळ वर्षे नव्या मुलींच्या हातांत तुमच्याच हाताने केळी पडत राहोत.

आणि फार फार वर्षांनी, कधी काही दिवस पडून राहायची वेळ आलीच, तर त्या वेळी मी आदराने परत फिरणार नाही. चादर सोडा, काका. डोळे तुम्ही मिटा. आमचे उघडे आहेत.